वेबसाइटलाही एक जनरल रजिस्टर लागतं

दोन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये एक मुलगी आणि तिचे वडील पहाटेची एसटी पकडून आमच्या विभागात आले. मुलीच्या हातात फोन, फोनवर आमच्याच साइटचं ‘प्रवेश’ हे पान, आणि त्यावर एम. ए.च्या अर्जाची शेवटची तारीख ३० जून. मुदत प्रत्यक्षात २० जूनलाच संपली होती. मुख्य पानावर वर सरकणाऱ्या पट्टीत आम्ही तारीख बदलली होती, ‘प्रवेश’च्या पानावर जुनीच राहिली होती आणि माहितीपत्रकाच्या पीडीएफमध्ये तिसरीच होती. मुलीला पुढच्या फेरीत जागा मिळाली. तिच्या वडिलांची एका दिवसाची मजुरी आणि दोघांचं जाण्यायेण्याचं भाडं मात्र आमच्या चुकीपायी गेलं, आणि ते मला आजही लागून राहिलं आहे.

त्या संध्याकाळी मी साइटवर ही एक तारीख कुठं कुठं लिहिली आहे ते शोधत बसलो. पाच ठिकाणी सापडली. त्यातल्या दोन ठिकाणी ती बदलायची कशी, हे विभागात कुणालाच ठाऊक नव्हतं. साइट करून देणारा विद्यार्थी पास होऊन केव्हाच नोकरीला लागला होता.

अशी साइट नवी करायची म्हटलं की बैठकीत पहिली चर्चा रंगांची होते. कुठला फोटो घ्यायचा, बोधचिन्ह डावीकडे की मध्ये, यावर तास जातो. माझं मत या कामानंतर पक्कं झालं आहे: आधी माहितीची व्यवस्था लावा, रंग सगळ्यात शेवटी.

जुन्या साइटची रचना समजून घेतली की दुखणं कुठं आहे ते लक्षात येतं. आमच्या साइटचं प्रत्येक पान ही हाताने लिहिलेली एक स्वतंत्र फाइल होती. एचटीएमएल ही पानाची मांडणी सांगणारी खुणांची भाषा. कुठला मजकूर मथळा, कुठला परिच्छेद, कुठं लिंक, हे ती ब्राउझरला सांगते. अशा शे-दीडशे फाइली आणि त्या प्रत्येकीत वरची पट्टी, बाजूचा मेनू, खालचा पत्ता पुन्हा पुन्हा उतरवलेला. नवा अभ्यासक्रम सुरू झाला आणि मेनूत त्याची एक ओळ घालायची, तर दीडशे फाइली उघडायच्या. कुणीतरी वीस-पंचवीस फाइलींपर्यंत नेटानं जातं, मग परीक्षा येतात आणि काम तिथंच राहतं. त्यामुळे आमच्या साइटवर तुम्ही कुठल्या पानावर आहात त्यावर मेनूत काय दिसेल हे ठरत होतं. जुन्या शिक्षकांच्या पानांवरून नव्या डिप्लोमाकडे जायला रस्ताच नव्हता.

आता शाळेचं ऑफिस आठवा. दाखला असो की बोनाफाईड, विद्यार्थ्याचं नाव आणि जन्मतारीख जनरल रजिस्टरमधून उतरवली जाते. त्यात चूक निघाली तर दाखल्यावर खाडाखोड चालत नाही. रजिस्टरातली नोंद रीतसर दुरुस्त होते आणि मग तिच्यावरून नवा दाखला निघतो. एका गोष्टीची नोंद एकाच जागी, बाकी सगळे कागद तिच्यावरून. कागदाच्या कारभारात हे शहाणपण आपल्या अंगवळणी पडलेलं आहे. वेबसाइट करताना मात्र आपण प्रत्येक दाखला हातानं वेगवेगळा लिहीत बसलो आणि रजिस्टर ठेवायचंच राहिलं.

नव्या पद्धतीच्या साइटमध्ये हेच रजिस्टर आधी तयार करतात. आमच्याकडे एका पेपरची नोंद साधारण अशी आहे:

पेपर: भाषाविज्ञान परिचय
सेमिस्टर: पहिलं
क्रेडिट: ४
प्रकार: अनिवार्य
सिलॅबस: लागू वर्ष आणि पीडीएफची लिंक

दुसऱ्या बाजूला बोनाफाईडच्या छापील कोऱ्या नमुन्यासारखे पानांचे नमुने असतात. संगणकाच्या भाषेत त्याला टेम्प्लेट म्हणतात. नमुन्यावर पट्टी, मेनू, पत्ता एकदाच लिहिलेला असतो आणि मधे रिकाम्या जागा असतात. एक छोटा प्रोग्राम रजिस्टरातली नोंद उचलतो, नमुन्यातल्या जागा भरतो आणि पूर्ण पानं तयार करून ठेवतो. पेपरची वरची एक नोंद अभ्यासक्रमाच्या पानावर, सेमिस्टरच्या वेळापत्रकावर आणि शिकवणाऱ्या शिक्षकांच्या पानावर आपोआप जाते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर क्रेडिटांची मांडणी बदलली, पेपरांची नावं बदलली, काही पेपर अनिवार्यचे ऐच्छिक झाले. जुन्या पद्धतीनं हे बदल करताना नाकी नऊ आले असते. रजिस्टरात तेच काम दोन दुपारींत झालं.

रजिस्टर करण्याआधी मोजदाद करावी लागते, आणि हा या सगळ्या कामाचा सर्वांत कंटाळवाणा पण सर्वांत मोलाचा भाग आहे. एक एक्सेलची फाइल घ्या. एका ओळीत एक पान. पानाचा पत्ता, त्यात काय आहे, शेवटचं कधी बदललं असावं, आणि या माहितीचा धनी कोण. शेवटचा रकाना भरताना खरी अडचण समोर येते. फीची रक्कम ऑफिसला माहीत असते, सिलॅबस अभ्यास मंडळाला, वेळापत्रक विभागप्रमुखांना, ग्रंथालयाची वेळ ग्रंथपालांना. पण साइट बदलण्याची किल्ली एकाच तरुण प्राध्यापकाकडे असते. प्रत्येक माहिती त्याच्याकडे निरोपानिरोपी होऊन पोचते, बरेचदा व्हॉट्सॲपवर, लेक्चर चालू असताना. मग ती राहून जाते. मोजदाद करताना ज्या पानांना धनी सापडला नाही, त्यातली बरीच पानं आम्ही काढून टाकली किंवा जुन्या नोंदींच्या कप्प्यात ठेवली. ज्याची काळजी घ्यायला माणूस नाही ते पान चुकीचं होणारच.

मग हत्यार कुठलं घ्यायचं? ढोबळमानाने दोन वाटा आहेत. पहिली वर्डप्रेससारख्या व्यवस्थेची. वर्डप्रेस २००३ मध्ये आलं. पासवर्ड टाकून आत जायचं, वर्डसारख्या चौकटीत लिहायचं, बटण दाबायचं. मजकूर डेटाबेसमध्ये राहतो आणि कुणी पान मागितलं की सर्व्हर ते त्या क्षणी जुळवून देतो. लिहिणाऱ्याला हे फार सोयीचं. पण मागे यंत्र सतत चालू असतं आणि त्याला देखभाल लागते. मूळ प्रोग्राम, त्यावर चढवलेले प्लगिन म्हणजे जोड-प्रोग्राम, हे सगळं ज्या भाषेत लिहिलं आहे ती पीएचपी, सगळं वेळच्या वेळी अद्ययावत करावं लागतं. ते राहिलं की भगदाड पडतं. एखाद्या कॉलेजचं नाव गूगलवर शोधावं आणि निकालात त्याच्याच पत्त्यावर जपानी लिपीतल्या कुठल्याशा मालाच्या जाहिराती दिसाव्यात, असं तुम्ही पाहिलं असेल. साइटमध्ये घुसून कुणीतरी आपली पानं पेरलेली असतात. कॉलेजला बरेच दिवस पत्ताही लागत नाही, कारण मुख्य पान पूर्वीसारखंच दिसतं.

दुसरी वाट तयार पानांची. २००८ मध्ये आलेलं जेकिल आणि २०१३ मधलं ह्यूगो ही यातली नावाजलेली हत्यारं, दोन्ही मोफत. यात सगळी पानं आधीच बनवून ठेवलेली असतात. सर्व्हर फक्त मागेल ते पान उचलून देतो. मागे डेटाबेस नाही, लॉगिनची चौकट नाही, त्यामुळे फोडायला दारंही कमी. मजकूर साध्या फाइलींमध्ये असतो, बहुतेकदा मार्कडाउन नावाच्या सोप्या खुणांमध्ये. ओळीच्या सुरुवातीला हॅशचं चिन्ह दिलं की मथळा, दोन्ही बाजूंना दोन-दोन तारे दिले की ठळक अक्षर, एवढंच. शिवाय या फाइली गिट या व्यवस्थेत ठेवता येतात. कुणी, कोणत्या दिवशी, कुठली ओळ बदलली याची नोंद तिथं राहते आणि चुकून काही पुसलं गेलं तर मागची प्रत परत आणता येते.

अडचण अशी की ऑफिसातल्या मॅडमना गिट शिकवायला बसलं तर त्या दुसऱ्या दिवशीपासून आपल्याला टाळणार, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. म्हणून आम्ही मधला मार्ग घेतला. पानं ह्यूगो बनवतं. पण तारखा, फी, नोटिसा आणि पेपरांची यादी एका सामायिक शीटमध्ये आहे. मॅडम वर्षानुवर्षं एक्सेल वापरत आल्या आहेत. त्या शीटमधला एक चौकोन बदलतात आणि पुढचं काम प्रोग्राम करतो. तुमच्याकडे वर्डप्रेस सांभाळणारं माणूस कायमचं असेल तर वर्डप्रेसही चांगलंच. हत्यार निवडताना स्वतःला एकच प्रश्न विचारावा: ज्याने हे उभारलं तो तीन वर्षांनी इथं नसेल, तेव्हा बदल कोण करणार?

ह्यूगोची एक सोय नोटिसांसाठी फार कामाची आहे. नोटिशीला मुदतीची तारीख देता येते आणि ती उलटली की नोटीस पानावरून उतरते. फक्त पानं आधी बनवलेली असल्यामुळे तारीख उलटली हे साइटला आपणहून कळत नाही. पानं पुन्हा बनवली गेली तरच ती उतरते. आम्ही रोज पहाटे पानं नव्यानं बनण्याची व्यवस्था लावली. हे ध्यानात यायला आम्हाला एक आठवडा लागला, तेवढा तुमचा वाचावा.

आता मराठीचा प्रश्न. जुन्या मराठी साइटवर तो हमखास निघतो आणि बाहेरच्या कंत्राटदाराला तो कळत नाही. आमच्या साइटवरचा दहा-बारा वर्षांचा मराठी मजकूर जुन्या फॉन्टांत होता. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी जागतिक पद्धत, रुळण्याआधी श्री-लिपी, शिवाजी, कृतिदेव अशा फॉन्टांत आपण सगळं टंकलं. या फॉन्टांची युक्ती अशी की फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरं साठवलेली असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचा मुखवटा चढवतो. कृतिदेवमध्ये इंग्रजी डी, के, ई या तीन कळा दाबल्या की पडद्यावर ‘काम’ दिसतं. फाइलीत ‘काम’ नसतंच, तीन इंग्रजी अक्षरं असतात. फॉन्ट नसलेल्या फोनवर तो सगळा मजकूर अगम्य होतो. गूगलला तो सापडत नाही. आमच्या विभागाच्या चर्चासत्रांचे वृत्तान्त, निवृत्त शिक्षकांची मनोगतं, सगळं जाळ्यावर असूनही कुणाला शोधून मिळत नव्हतं.

हा मजकूर युनिकोडमध्ये आणणारे परिवर्तक मिळतात, पण त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नये. कारण नुसती अक्षराला अक्षराची अदलाबदल पुरत नाही, क्रमही बदलतो. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी टंकली जाते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठवतात. रफार तिथं अक्षरानंतर टंकतात, इथं र आणि हलन्त आधी येतात. ‘वर्ग’सारखा साधा शब्द सहसा नीट उतरतो, ‘मूर्ती’, ‘कार्यक्रम’, ‘शिष्यवृत्ती’ इथं परिवर्तकाची परीक्षा होते. सर्वांत जास्त त्रास झाला तो ‘ऱ्य’चा. ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ हे मराठीत दोन वेगळे शब्द. परिवर्तक बहुधा हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेले असतात, ते दोन्हींचा ‘दर्या’ करून मोकळे होतात. ‘सुऱ्या’, ‘दुसऱ्या’, ‘करणाऱ्या’ सगळीकडे रफार चढला. आम्ही पान छापून, पेन्सिल घेऊन, मूळ प्रतीशी ताडून वाचलं. विभागातल्या चार विद्यार्थ्यांनी दिवाळीच्या सुट्टीत हे काम केलं आणि प्रुफं वाचण्याची गोडी त्यांतल्या दोघींना तिथंच लागली.

एक छोटी गोष्ट आणखी. पानाच्या सुरुवातीला ‘ही भाषा मराठी आहे’ अशी खूण देता येते. ती दिली आणि फॉन्टमध्ये तशी सोय असली तर श आणि ल यांची आपल्या वळणाची रूपं दिसतात, नाहीतर हिंदी वळणाची. अंध विद्यार्थी एनव्हीडीएसारख्या वाचक प्रोग्रामवर पान ऐकतात. त्या प्रोग्रामलाही कुठल्या भाषेत वाचायचं ते याच खुणेवरून समजतं. त्यांच्यासाठी दुसरी गरज म्हणजे नोटीस पानावर अक्षरांत असणं. सही-शिक्क्याचा कागद स्कॅन करून चढवला की तो एक फोटो होतो, वाचक प्रोग्राम त्यावर गप्प राहतो. आम्ही आता नोटिशीचा मजकूर पानावर लिहितो आणि सही-शिक्क्याची प्रत खाली जोडतो. खेड्यात कमी रेंजमध्ये फोनवर पाहणाऱ्याला याचा तितकाच उपयोग होतो.

जुन्या पानांचे पत्ते मात्र जपावेत, याबद्दल मी आग्रही आहे. कॉलेज-विद्यापीठांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या अहवालांत साइटवरच्या कागदपत्रांच्या लिंका दिलेल्या असतात. साइट नवी केली आणि पत्ते बदलले, तर समितीने लिंक उघडल्यावर ‘पान सापडत नाही’ एवढंच येतं. तसं होऊ नये म्हणून जुन्या पत्त्यावर एक पाटी लावतात: हे पान कायमचं अमुक ठिकाणी हललं आहे. तिला ३०१ क्रमांकाचा निरोप म्हणतात. ब्राउझर आणि गूगल दोघंही तो वाचून नव्या जागी जातात. मोजदादीच्या त्याच एक्सेलमध्ये ‘नवा पत्ता’ असा एक रकाना वाढवला की पाट्यांची यादी तयार झाली.

आणि जुने सिलॅबस कधीही पुसू नका. आमच्या एका माजी विद्यार्थिनीला परदेशात पुढच्या शिक्षणासाठी अर्ज करताना तिच्या बॅचचा सिलॅबस हवा होता, कुठल्या पेपरात काय शिकलात याचा पुरावा म्हणून. आमच्या साइटवरून तो कुणीतरी ‘जुना’ म्हणून काढला होता. तो मिळाला वेबॅक मशीनवर. इंटरनेट अर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून जगभरच्या पानांच्या प्रती साठवते आणि २००१ पासून त्या सर्वांना पाहता येतात. आमचाच कागद आम्हाला तिथून उतरवून घ्यावा लागला. आता प्रत्येक सिलॅबस त्याच्या लागू वर्षासह एका कप्प्यात आहे, आणि तो हटवायचा नाही असं विभागाच्या बैठकीत लिहून घेतलं आहे.

किल्ल्यांचंही सांगायला हवं. साइटचं नाव, जागा आणि पासवर्ड कुणाच्या नावावर आहेत हे पहिल्याच दिवशी पाहा. एसी डॉट इन या शिक्षणसंस्थांच्या पत्त्यांची नोंदणी अर्नेट इंडिया ही सरकारी संस्था करते आणि तिची मुदत वाढवावी लागते. ती आठवण करून देणारा ईमेल बदली झालेल्या किंवा पास होऊन गेलेल्या माणसाच्या खासगी पत्त्यावर जात असेल, तर एक दिवस साइट अचानक बंद पडते. विभागाच्या नावाचा एक ईमेल, दोन जबाबदार माणसं, आणि पासवर्डाचं बंद पाकीट विभागप्रमुखांच्या कपाटात, एवढं केलं तरी पुष्कळ.

नवी साइट सुरू करण्याच्या आदल्या दिवशी आम्ही एक चाचणी घेतली. ऑफिसातल्या मॅडमना एका पानाचं टिपण दिलं आणि तीन कामं सांगितली: अर्जाची तारीख बदला, एक नोटीस चढवा, फीमध्ये शंभर रुपये वाढवा. साइट उभारणारी माजी विद्यार्थिनी आणि मी मागे बसलो, मधे बोलायचं नाही असं ठरवून. तारीख झाली. फी झाली. नोटिशीपाशी मॅडम थांबल्या, चष्मा वर केला आणि टिपण पुन्हा वाचलं. ‘प्रकाशित’ या रकान्यात काय लिहायचं ते त्यांना कळेना. आम्हाला तिथं ‘हो’ किंवा ‘नाही’ हवं होतं. त्यांनी आजची तारीख लिहिली होती, जावक रजिस्टरात लिहितात तशी. आम्ही रकान्याचं नाव बदललं. आता तिथं लिहिलं आहे: ‘लोकांना दाखवायची का?’